अडोर्नो, राशिभविष्य आणि ‘वाहन जपून चालवा’

ओसरी (धागाकर्ता)

मागे इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, की फ्रांकफुर्ट स्कूल (विसाव्या शतकातला जर्मन समाजचिंतकांचा एक गट) म्हणजे जगाला नावं ठेवत बसलेले शिष्ट प्राध्यापक, त्यांचं आज काय काम? तिथे उत्तर देत बसलो असतो तर मूळ धागा भरकटला असता. म्हणून हा वेगळा.

अख्खी फ्रांकफुर्ट स्कूल एका धाग्यात मावणार नाही. एकच माणूस घेतो आणि त्याचंही एकच, फारसं न वाचलं जाणारं काम. जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो (१९०३-१९६९) आणि त्याने केलेला राशिभविष्याच्या एका सदराचा अभ्यास.

पार्श्वभूमी थोडक्यात. हा गट ज्या संस्थेभोवती जमला ती फ्रांकफुर्टची सामाजिक संशोधन संस्था १९२३ सालची. हिटलर आल्यावर तिने आधी जिनिव्हा आणि १९३४ मध्ये न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ गाठलं. अडोर्नोचे वडील ज्यू वंशाचे, त्यामुळे १९३३ मध्ये त्याचा विद्यापीठात शिकवण्याचा परवाना गेला. ऑक्सफर्डमार्गे तो १९३८ मध्ये अमेरिकेत पोचला, पुढे लॉस एंजेलिसला राहिला, तिथे संस्थेतल्याच माक्स होर्कहायमरबरोबर ‘डायलेक्टिक ऑफ एन्लायटनमेंट’ लिहिलं (छापील आवृत्ती १९४७ ची) आणि १९४९ मध्ये जर्मनीला परतला. ‘संस्कृती-उद्योग’ (सिनेमा, रेडिओ, मासिकं हा कारखान्यातल्यासारखा काढलेला माल आहे) ही त्याची सगळ्यांना ऐकून माहीत असलेली कल्पना त्याच पुस्तकातली.

१९५२ मध्ये तो पुन्हा काही महिन्यांसाठी लॉस एंजेलिसला आला. अमेरिकन नागरिकत्व टिकवायचं तर येणं भाग होतं. या मुक्कामात त्याने ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मधलं कॅरल रायटर या ज्योतिषाचं रोजचं भविष्य नोव्हेंबर १९५२ ते फेब्रुवारी १९५३ असं सुमारे तीन महिने ओळीने वाचून काढलं. आल्बान बेर्गकडे संगीतरचना शिकलेला, हेगेल कोळून प्यालेला माणूस, आणि वाचतोय काय, तर आज साहेबांशी जमवून घ्या. मला हेच आवडलं.

ज्योतिष खरं की खोटं यात तो वेळ घालवत नाही. खोटं आहे हे धरूनच चालतो. त्याचा प्रश्न वेगळा आहे: हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाचक म्हणून कोण आहे, आणि त्या वाचकाने कसं वागावं अशी अपेक्षा आहे?

पहिली गोष्ट त्याच्या लक्षात आली ती ही, की या सदरात ग्रहतारे जवळपास नसतातच. कुठला ग्रह कुठे, त्याने काय होतं, याबद्दल फारसं काही नाही. असतो तो व्यवहारी सल्ला. पैशांचे व्यवहार मार्गी लावा, घरच्यांशी वाद टाळा, वजनदार मित्राला भेटा. शेजारच्या काकूही हेच सांगतील. फरक इतकाच की काकूंशी हुज्जत घालता येते.

मग, हे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध असतात. धडाडी दाखवा, पण वरच्यांचं ऐका. मजा करा, पण कामात कसूर नको. एकाच माणसाने हे दोन्ही कसं करायचं? सदर ते घड्याळावर वाटून देतं. दुपारपर्यंत हे, संध्याकाळी ते. म्हणजे विरोध सुटत नाही, नुसता वेळापत्रकात बसतो. आणि संध्याकाळची मजासुद्धा फुकट जाता कामा नये. मित्राकडे जायचं ते तो उपयोगी पडेल म्हणून.

वाचकाला बढतीही मिळालेली असते. प्रत्यक्ष वाचक कनिष्ठ मध्यमवर्गातला, त्यातही बायका जास्त, असा अडोर्नोचा अंदाज. पण सदर बोलतं ते तुम्ही जणू कंपनीचे उपाध्यक्ष आहात अशा थाटात. तुमच्या हाताखाली माणसं आहेत, तुम्ही निर्णय घेता. फक्त तुमच्यावरही कुणीतरी आहे आणि त्याची मर्जी सांभाळायची आहे.

आता ज्यासाठी धागा काढला ते. अडचण कुठलीही असो, तिचा उपाय वाचकाच्या स्वभावातच शोधायचा असतो. गोड बोला, संयम ठेवा, वेळ बघून वागा. परिस्थिती बदलता येते ही शक्यताच त्या सदरात नाही. धोक्याचा इशारा असतो, पण बेताचा, वाचक घाबरून पेपर बंद करणार नाही इतपत. गाडी सांभाळून चालवा, वगैरे.

रविवारची कुठलीही मराठी पुरवणी काढा. ‘वरिष्ठांशी जुळवून घ्या. येणी वसूल होतील. अनाहूत सल्ला देणे टाळा. वाहन जपून चालवा.’ सत्तर वर्षं, दोन खंड, आणि मजकूर तोच. आणि हे फक्त राशिभविष्यापुरतं नाही. पहाटे पाचला उठा म्हणजे आयुष्य बदलेल असं सांगणारी रील्स घ्या, किंवा सहा जणांचं काम तिघांवर आल्यावर ऑफिसात होणारं तणावमुक्तीचं वेबिनार. लेखक कोण आहे हे विसरून अडोर्नोचा प्रश्न विचारायचा: वाचक कोण धरलाय, आणि ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवलंय?

शेवटचा मुद्दा. ‘मी काही मानत नाही, सहज वाचतो’ असं आपण सगळेच म्हणतो. अडोर्नोचा रोख नेमका त्या ‘सहज’वर आहे. भोळ्या श्रद्धेची त्याला फार चिंता नाही. संस्कृती-उद्योगावरचं ते प्रकरण तो संपवतो तेच मुळी या मुद्द्यावर, की लोकांना जाहिरातीची लबाडी आरपार दिसत असते आणि तरी ते तो माल घेतात. लोक फसतात म्हणून ओरडणारे विचारवंत पैशाला पासरी मिळतील. न फसताही लोक तसंच का वागतात, हे विचारणारे कमी.

बोला.

सडाफटिंग

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

(मी वृश्चिक. या आठवड्यात ‘गैरसमज टाळा’ आहे, त्यामुळे वाद घालणार नाही.)

निवृत्त_तपासनीस

लेख नेहमीप्रमाणे मुद्देसूद, पण मला हे राईचा पर्वत केल्यासारखं वाटलं. आमच्या घरी पेपर आला की आधी भविष्य, मग निधन वार्ता, मग उरलेलं. कोणी त्यावर आयुष्य बेतत नाही. वरिष्ठांशी जुळवून घ्या यात गैर काय? मी सरकारी खात्यात उभी हयात तेच केलं. नसतं केलं तर गडचिरोली ते सावंतवाडी सगळा महाराष्ट्र सामानासकट बघून झाला असता.

ओसरी

@निवृत्त_तपासनीस काका, सल्ला वाईट आहे असं अडोर्नोही म्हणत नाही. उलट तो म्हणतो की एकेक सल्ला सुटा घेतला तर शहाणपणाचाच आहे. वेडेपणा सुट्या वाक्यांत नाही, सगळ्याच्या मुळाशी आहे. आकाशातल्या ज्या शक्तीला तुमच्याशी काही देणंघेणं नाही, तिच्या नावावर हे रोजचं शहाणपण खपवलं जातं आणि तिला प्रश्न विचारायची सोय नसते. तुमच्या बदल्या कोण करत होतं हे तुम्हाला नावानिशी माहीत होतं. सदराच्या वाचकाला सांगितलं जातं की ते वरून ठरतं.

आकडेबाज

अवांतर होईल कदाचित, पण महाराष्ट्रात याची सरळ चाचणीच झालेली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी घेतली होती. दोनशे मुलांच्या कुंडल्या, निम्मी हुशार, निम्मी मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या देऊन ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी यश ४६ टक्के आलं. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आलं असतं. विषय संपला. मग हा अडोर्नो अधिक काय सांगतो?

ओसरी

@आकडेबाज विषय संपला असता तर २००९ पासून भविष्याची सदरं बंद व्हायला हवी होती. ती चाचणी हवीच होती, तिच्याबद्दल आदरच आहे. पण तिने ‘हे खरं का?’ याचं उत्तर दिलं. ‘खरं नाही हे माहीत असूनही लोक का वाचतात?’ हा प्रश्न उरतोच, आणि टक्केवारीने तो हलत नाही.

अडोर्नो याला दुसऱ्या हातची अंधश्रद्धा म्हणतो. पूर्वी माणूस ज्योतिषाकडे जायचा, पत्रिका उलगडायची, दक्षिणा द्यायची, थोडी भीती वाटायची. छापील सदरात समोर कुणी नाही, भीती नाही, जबाबदारी नाही. सदर खोटं ठरलं तरी भांडायला कुणाकडे जाणार? पूर्ण विश्वासाची गरजच ठेवलेली नाही, म्हणून विश्वास उडायचीही भीती नाही.

वैजयंती_वाचते

मला मूळ आक्षेपच थोडासा बरोबर वाटतो. अडोर्नो शिष्ट होता. १९३६ मध्ये त्याने जॅझवर लेख लिहिला, तोही हेक्टर रॉटवायलर या टोपणनावाने. जॅझ म्हणजे बंडखोरीचा आव आणणारा शिस्तीतला माल, असा एकूण सूर. ज्या काळ्या वादकांनी ते संगीत घडवलं त्यांच्या जगण्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. आपल्याकडच्या पांढरपेशांनी लावणी-तमाशाकडे किती पिढ्या याच नजरेने पाहिलं ते आठवा. ‘लोकांना कळत नाही’ हे म्हणायला तत्त्वज्ञान कशाला हवं, त्याला सदाशिव पेठ पुरते.

आणि १९६९? ३१ जानेवारीला विद्यार्थी त्याच्या फ्रांकफुर्टच्या संशोधन संस्थेच्या इमारतीत घुसले तेव्हा याच क्रांतिकारक विचारवंताने पोलीस बोलावले. त्याचा जुना सहकारी हर्बर्ट मार्क्यूज याने त्यावरून पत्रातून कान उघाडणी केली. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी त्याचं व्याख्यान उधळलं, ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुट्टीवर असताना तो गेला. समाजावर बोलणाऱ्याला समोरची माणसं पेलली नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सडाफटिंग

सदाशिव पेठेला +१. आता धाग्याचा काश्मीर होणार.

ओसरी

@वैजयंती_वाचते जॅझबद्दल मी त्याचा बचाव करणार नाही. ते लिखाण वाचताना आजही दात-ओठ खावेसे वाटतात. पोलिसांच्या बाबतीत दोन बाजू आहेत. नाझी झुंडी पाहिलेल्या माणसाला इमारतीत घुसलेला जमाव कसा दिसला असेल याचा विचार करतो. तरी मार्क्यूजची पत्रं मलाही जास्त उमदी वाटतात.

पण ‘लोकांना कळत नाही’ हे त्याचं अंतिम मत नव्हतं, यासाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. मे १९६९ मध्ये, म्हणजे मरणाच्या काही आठवडे आधी, त्याने फावल्या वेळावर रेडिओवर एक भाषण दिलं. त्यात संस्थेच्या एका पाहणीचा उल्लेख आहे. १९६६ मध्ये नेदरलँड्सची राजकन्या बेआट्रिक्स हिचं क्लाउस फॉन आम्सबेर्ग या जर्मन मुत्सद्द्याशी लग्न झालं. वर्तमानपत्रं, टीव्ही, मासिकं सगळी त्या लग्नाने भरलेली. अपेक्षा अशी की जर्मन जनता त्यात वाहून गेली असणार. त्यांनी लोकांना विचारलं. लोकांनी लग्न आवडीने पाहिलं होतं. पण याचं राजकीय महत्त्व काय, असं विचारल्यावर बरेच जण एकदम भानावर येऊन बोलू लागले, की यात फुगवण्यासारखं काही नाही.

अडोर्नोने त्यातून निष्कर्ष काढला तो असा, की लोक हे सगळं स्वीकारतात पण हातचं राखून. त्यांचे खरे हितसंबंध इतके जिवंत असतात की कुठलाही उद्योग त्यांना पूर्ण गिळू शकत नाही. आणि हे ऐकू कसं आलं? लोकांना नीट विचारल्यावर. आयुष्यभर ज्याच्यावर निराशेचा शिक्का बसला त्याच्या तोंडून हे यावं, मला तरी फार मोलाचं वाटतं.

वैजयंती_वाचते

बेआट्रिक्सचं माहीत नव्हतं. वाचते. जॅझ मात्र माफ नाही.

आकडेबाज

मला मघाशी दिलेल्या उत्तरावर अजून बोलायचंय. टक्केवारीने काही हलत नाही म्हणता, मग अडोर्नोचं स्वतःचं काय? अमेरिकेत त्याची पहिली नोकरीच आकड्यांची होती. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्डच्या रेडिओ संशोधन प्रकल्पात तो संगीत विभाग बघायचा. त्या प्रकल्पाशी संबंधित एक यंत्र होतं, लाझार्सफेल्ड आणि सीबीएस या रेडिओ कंपनीच्या फ्रँक स्टँटनने बनवलेलं. श्रोत्यांच्या हातात दोन बटणं: आवडलं तर हिरवं, नाही आवडलं तर लाल. कार्यक्रम चालू असताना दाबत राहायचं, कागदावर आलेख उमटत जातो.

अडोर्नोला ते पटलं नाही. संस्कृती मोजा म्हटल्यावर त्याचं म्हणणं असं होतं, की संस्कृती म्हणजे कदाचित तीच अवस्था, जिच्यात मोजणारी वृत्ती शिरू शकत नाही. वाक्य भारी आहे, पण संशोधन असं होत नाही. लाझार्सफेल्डची दया येते मला.

ओसरी

लाझार्सफेल्डची दया मलाही येते, अडोर्नोबरोबर काम करणं सोपं नसणार. शिवाय पुढे बर्कली विद्यापीठाच्या मंडळींबरोबर ‘द ऑथॉरिटेरियन पर्सनॅलिटी’ (१९५०) हा हुकूमशाहीकडे झुकणाऱ्या स्वभावाचा अभ्यास करताना त्याने प्रश्नावल्या आणि गुणांकन वापरलंच, म्हणजे आकड्यांचा सोवळा नव्हता तो.

पण त्या बटणांबद्दल त्याची तक्रार बघा. श्रोत्याला हिरवं का दाबावंसं वाटलं, ते गाणं आधी किती वेळा त्याच्या कानांवर आदळवलं गेलं होतं, हे आलेखात येत नाही. आलेख तयार झालेली आवड मोजतो आणि तिलाच सुरुवात समजतो. आज ते हिरवं बटण आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. आणि १९४० मध्ये निदान आलेख काढून लोक घरी जायचे. आता तुम्ही दाबलेल्या बटणावरून पुढचं गाणं तिथल्या तिथे ठरतं.

माइनकाठची_मावशी

उशिरा येतेय. मी फ्रांकफुर्टमध्ये राहते, म्हणून स्थानिक वार्ताहराचं काम.

अडोर्नोचं स्मारक इथे आहे, २००३ च्या जन्मशताब्दीचं. काचेच्या मोठ्या चौकोनात एक लिहायचं टेबल, खुर्ची, दिवा आणि मेट्रोनोम (संगीताची लय मोजणारं यंत्र). पूर्वी शहराच्या बोकेनहाइम भागात होतं, २०१६ मध्ये विद्यापीठाच्या नव्या परिसरात हलवलं. आमच्याकडे आलेले पाहुणे विचारतात की इथे कोण बसायचं, आणि मी सांगायला लागले की पाच मिनिटांत त्यांना भूक लागते.

पण खरं स्मारक दुसरं आहे. संस्थेची जुनी इमारत सेंकेनबेर्गआनलागे नावाच्या हमरस्त्यावर आहे. गाड्या सुसाट. तिथे अपघात झाल्यावर साठच्या दशकाच्या सुरुवातीला अडोर्नोने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की इथे सिग्नल बसवा. सिग्नल बसला १९८७ मध्ये, तो जाऊन अठरा वर्षं झाल्यावर. लोक त्याला अडोर्नोचा सिग्नल म्हणतात.

ओसरी, तुमच्या धाग्याचं शीर्षक वाचलं आणि हेच आठवलं. राशिभविष्य म्हणतं वाहन जपून चालवा. त्याने जपून चाला असं कुणालाही सांगितलं नाही, सिग्नल मागितला. एरवी ज्याची वाक्यं समजायला मला दोन शब्दकोश लागतात त्या माणसाचं हे पत्र शेंबड्या पोरालाही कळेल.

ओसरी

मावशी, ही गोष्ट लेखातच यायला हवी होती. साष्टांग.

निवृत्त_तपासनीस

मावशींचा प्रतिसाद आवडला. पण हिशेब करा. पत्र गेलं साठच्या दशकात, सिग्नल आला १९८७ मध्ये. मधली वीसपंचवीस वर्षं फ्रांकफुर्टच्या लोकांनी रस्ता ओलांडलाच ना? जपूनच ओलांडला असणार. तेव्हा राशिभविष्यही अगदीच टाकाऊ नाही.

वैजयंती_वाचते

काका, १ गुण तुम्हाला.

सडाफटिंग

सविस्तर म्हटलं होतं, चार दिवस लागले. कारण खाली येईल.

या निमित्ताने अडोर्नोचं १९६७ चं व्हिएन्नाचं व्याख्यान वाचलं, नव्या उजव्या कडवेपणाबद्दलचं. समाजवादी विद्यार्थ्यांपुढे ६ एप्रिलला दिलेलं. तेव्हा जर्मनीत एनपीडी हा कडवा उजवा पक्ष नुकताच दोन राज्यांच्या विधानसभांत शिरला होता. व्याख्यान ध्वनिमुद्रणातच पडून होतं, २०१९ मध्ये पुस्तक म्हणून आलं आणि जर्मनीत धडाक्याने खपलं. मला त्यातला एक मुद्दा टोचला. तो म्हणतो, यंत्रं कामं घेऊ लागली की नोकरीत असलेल्या माणसालाही आपण उद्या जास्तीचे ठरू असं आतून वाटत राहतं, आणि ही भीती कुणीतरी भलतीकडे वळवतो. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला हे १९६७ चं वाटत नाही हो. उपायही तो साधा सांगतो. समोरच्याला नैतिकतेचे डोस पाजू नका, त्याचं स्वतःचं नुकसान कशात आहे ते दाखवा, आणि प्रचाराच्या क्लृप्त्या नाव घेऊन उघड्या पाडा.

आता कारण. आमच्या टीममधले तिघे गेल्या तिमाहीत गेले, जागा भरलेल्या नाहीत, आणि परवा आम्हाला ‘मनःशांती आणि उत्पादकता’ या विषयावर वेबिनार होतं. (कंपनीचं नाव विचारू नका.) ओसरींचा प्रश्न समोर ठेवून ऐकलं. गृहीत धरलेला वाचक: ज्याला घरी स्वतंत्र खोली आहे, सकाळी मोकळा तास आहे, स्वयंपाक दुसरं कुणी करतं, आणि ज्याच्या थकव्याला तो स्वतःच जबाबदार आहे. सकाळी एकाग्रता, संध्याकाळी कृतज्ञतेची डायरी. घड्याळावरची वाटणी जशीच्या तशी! ग्रहांच्या जागी मेंदूतली रसायनं होती, बाकी रायटरसाहेबांचं सदरच.

प्रश्नोत्तरांत मी चॅटवर विचारलं, की तीन रिकाम्या जागा कधी भरणार? उत्तर आलं, छान प्रश्न आहे, यासाठी वेगळं सत्र ठेवू. खाली चौदा जणांनी अंगठा टाकला. तारीख अजून कळलेली नाही.

निवृत्त_तपासनीस

चॅटवर काय विचारता? लेखी द्या, चौदा जणांच्या सह्या घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.